शून्य म्हणजे होय कीं नाहीं?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत सोळा तालुके आहेत आणि त्यांतील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे, हें येथील कोणत्याही शाळकरी मुलास सांगावयास नको. पाऊस मोजण्यासाठीं ठिकठिकाणीं पर्जन्यमापक बसविलेले असतात आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरांत नोंदला जातो. आतां अशी कल्पना करा कीं, ऑगस्ट महिन्यांतील एका तारखेपुढें वहींत ‘०’ हा आंकडा लिहिलेला आहे. ह्याचा अर्थ काय घ्यावयाचा? त्या दिवशीं पाऊस मुळींच पडला नाहीं, हा एक अर्थ. मापकांत पालापाचोळा अडकला होता, किंवा नोंद घेणारा मनुष्य आजारी होता, म्हणून कोणीं मोजलेंच नाहीं, आणि रकाना रिकामा दिसूं नये म्हणून शून्य लिहून टाकलें, हा दुसरा अर्थ. दोन्ही अर्थ त्या एका वाटोळ्यांत राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे; कारण चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे आपल्या राज्यांत ती अतिवृष्टि समजली जाते व नुकसानीच्या पंचनाम्यांचा मार्ग मोकळा होतो. मोजमाप न झालेल्या दिवसाचें शून्य जर खरें शून्य मानलें गेलें, तर वाहून गेलेल्या कपाशीस साक्षीदार उरत नाहीं.

गुणपत्रकाच्या बाबतींत शाळांनीं ही अडचण फार पूर्वींच ओळखली आहे. गणिताच्या पेपरांत ज्यास एकही गुण मिळाला नाहीं त्याच्या नांवापुढें शून्य, आणि जो पेपरास बसलाच नाहीं त्याच्या नांवापुढें ‘गै. ह.’ एकानें प्रयत्न केला व तो फसला. दुसऱ्यानें प्रयत्नच केला नाहीं. सरासरी काढतांना पहिल्याचें शून्य धरावयाचें आणि दुसऱ्यास वगळावयाचें, हें प्रत्येक वर्गशिक्षक जाणतो. ज्या शास्त्राचा परिचय आम्ही ह्या लेखांत करून देणार आहों, त्यांतील पंडितांस मात्र एवढी साधी गोष्ट पक्की करावयास कित्येक वर्षें लागलीं, आणि अजूनही ती सर्वत्र पक्की झाली आहे असें म्हणवत नाहीं.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य प्रत्येक काम पहिल्यापासून स्वतः करीत नाहीं. फाईल उघडणें, तींतील मजकूर वाचणें, स्मरणांत जागा मागणें, घड्याळ पाहणें, अशीं कामें करणारे लहान लहान कारागीर आधींच तयार करून एका संग्रहांत ठेविलेले असतात. ह्या कारागिरांस फंक्शन व संग्रहास लायब्ररी असें म्हणतात; आणि संगणकाच्या अगदीं मुळाशीं, म्हणजे यंत्राशीं व कार्यप्रणालीशीं बोलणाऱ्या लायब्रऱ्या रचण्याच्या विद्येस सिस्टिम प्रोग्रॅमिंग हें नांव आहे. महाराष्ट्रांतील अभियांत्रिकीचे कित्येक विद्यार्थी मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक ढमढेरे यांच्या ग्रंथावरून हा विषय शिकले आहेत. फंक्शनास काम सांगितलें म्हणजे तें काम करून मागणाऱ्याकडे एक उत्तर परत धाडतें. ह्यास आपण ‘परतीचें उत्तर’ म्हणूं. काम झालें कीं नाहीं, हें मागणाऱ्यास त्या उत्तरावरूनच समजावयाचें असतें. दुसरी वाट नाहीं.

टपालाचें उदाहरण घ्या. पोंच मागून पाठविलेलें पत्र पोंचलें तर सहीचा कागद येतो. न पोंचलें तर पाकीटच परत येतें आणि त्यावर पोस्टमनाचा शेरा असतो: ‘पत्ता अपुरा’, ‘गांव सोडून गेले’, ‘घेण्यास नकार’. आतां समजा, सहीच्या कागदाचा अर्थ घाटंजीस ‘पत्र पोंचलें’ असा आहे, वणीस तोच कागद पत्र न पोंचल्याची खूण आहे, आणि उमरखेडाहून पाकीट आलें तरी त्यावर शेरा कधींच नसतो. पत्र पाठविणाऱ्यास प्रत्येक गांवासाठीं निराळा नियम पाठ करावा लागेल, आणि एखादे दिवशीं तो खात्रीनें चुकेल. असें कोणतेंही टपालखातें चालत नाहीं. परंतु सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या लायब्रऱ्या पुष्कळ अंशीं अशाच चालत आल्या आहेत.

ह्याचें कारण इतिहासांत आहे. युनिक्स नांवाची कार्यप्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून उभारली, आणि तिच्यासाठीं रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सी ही भाषा घडविली. आज आपल्या हातांतील अँड्रॉइड मोबाईलापासून पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘परम’ महासंगणकांपर्यंत जी लिनक्स प्रणाली आढळते, ती ह्याच घराण्याच्या वळणावर गेलेली आहे. सी भाषेंतील फंक्शनास एकच उत्तर परत देतां येतें. त्या एकाच पिशवींतून मागितलेला मालही आला पाहिजे आणि माल न मिळाल्यास तशी वर्दीही आली पाहिजे. मालाच्या जागीं चिठ्ठी घालावयाची, तर ती मालासारखी दिसतां कामा नये. ही चिठ्ठी कशी असावी हें प्रत्येक कारागिरानें आपआपल्या सोयीनें ठरविलें, आणि तेथें घोटाळ्यास प्रारंभ झाला.

कांहीं नमुने पाहूं. स्मरणांत जागा मागणारें ‘मॅलॉक’ हें फंक्शन जागा मिळाल्यास तिचा पत्ता देतें व न मिळाल्यास शून्य पत्ता देतें. येथें शून्य म्हणजे अपयश. फाईल उघडणारें ‘ओपन’ तिला एक क्रमांक देतें. तो क्रमांक शून्यही असूं शकतो, म्हणून त्याच्या अपयशाची खूण उणें एक. मजकूर वाचणारें ‘रीड’ किती बाइट वाचले तें सांगतें; त्याचेंही अपयश उणें एक, पण शून्य आलें तर फाईल संपली असें समजावयाचें. दोन शब्द ताडून पाहणारें ‘स्ट्रकंप’ दोन्ही शब्द सारखे असल्यास शून्य देतें. शून्य म्हणजे ‘नाहीं’ असें नवशिक्या विद्यार्थ्यास त्याच सी भाषेनें शिकविलेलें असतें, त्यामुळें सारखे शब्द निराळे समजून तो हमखास फसतो. स्मरणाचा मोठा तुकडा मागणारें ‘एममॅप’ हें मॅलॉकाचें सख्खें भावंड शोभावें, परंतु त्याच्या अपयशाचा पत्ता शून्य नसून उणें एक आहे. पुढें १९९५ सालीं पोझिक्स ह्या मानकांत धाग्यांचीं, म्हणजे एकाच प्रोग्रॅमांत समांतर चालणाऱ्या कामांचीं, फंक्शनें आलीं, तेव्हां त्यांनीं आणखी निराळी रीत धरली: यश असेल तर शून्य, नसेल तर कारणाचा क्रमांक हेंच उत्तर. आमच्या मतें ही शेवटची रीत सर्वांत सरळ आहे. पण ती आली तेव्हां जुन्या रीतीस दोन तपें होत आलीं होतीं आणि तिच्यावर उभे असलेले प्रोग्रॅम अगणित झाले होते. विंडोजच्या घरींही निराळें नाहीं. तेथें फाईल उघडतांना फसल्यास उणें एक हा हवाला मिळतो, तर नवा धागा निर्माण करतांना फसल्यास शून्य.

उणें एक आलें म्हणजे काम झालें नाहीं एवढें कळतें. कां झालें नाहीं तें कळत नाहीं. त्यासाठीं ‘एरनो’ नांवाची एक पाटी भिंतीवर टांगलेली आहे असें समजा. अपयशी फंक्शन जातां जातां त्या पाटीवर कारणाचा क्रमांक लिहून जातें. लिनक्समध्यें २ म्हणजे तशी फाईल नाहीं, १२ म्हणजे स्मरण शिल्लक नाहीं, १३ म्हणजे परवानगी नाहीं. हा पोस्टमनाचा शेराच होय. युक्ति चांगली, पण पाटी पुसण्याचें काम कोणाकडेच दिलेलें नाहीं. पुढचें काम यशस्वी झालें तरी जुना आंकडा पाटीवर राहूं शकतो. म्हणून आधीं उत्तर पाहावें आणि अपयश दिसलें तरच पाटी वाचावी. ‘गेटप्रायॉरिटी’ ह्या फंक्शनाची गोष्ट तर मौजेची आहे. तें चालू कामाचा अग्रक्रम सांगतें, आणि लिनक्समध्यें तो आंकडा उणें वीसपासून अधिक एकोणीसपर्यंत कोणताही असूं शकतो. म्हणजे उणें एक हें खरें उत्तरही आहे आणि अपयशाची खूणही! त्याच्या माहितीपत्रकांत सांगून ठेविलें आहे कीं, मागणाऱ्यानें आधीं स्वतः पाटी पुसावी, मग प्रश्न विचारावा, आणि मग पाटीवर कांहीं उमटलें आहे काय तें पाहावें. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

त्याहूनही वाईट स्थिति ‘एटॉय’ची. अक्षररूपानें आलेल्या अंकांची संख्या करून देणें हें त्याचें काम. त्यास शून्य हा अंक दिला तर शून्य येतें, आणि ‘कापूस’ हा शब्द दिला तरी शून्यच येतें. एवढेंच नव्हे, तर देवनागरी लिपींतला ७ दिला असतांही शून्यच येतें, कारण तें केवळ इंग्रजी वळणाचे अंक ओळखतें. मराठी मुलांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. येथें पाटी नाहीं आणि खूणही नाहीं; गैरहजर आणि शून्य गुणांचा, दोघेही एकाच बाकावर बसविले आहेत. हें काम नीट करणारें ‘स्ट्रटॉल’ नांवाचें दुसरें फंक्शन आहे. तें संख्येबरोबरच आपण कोणत्या अक्षरापर्यंत वाचूं शकलों तेंही दाखवितें. पहिल्याच अक्षराशीं अडलें असेल तर अंक नव्हताच हें उघड होतें. जुनें एटॉय मात्र कोणीं काढून टाकलें नाहीं. तें अजून तेथेंच आहे.

हा दोष फंक्शनांतच असतो असें नाहीं; आंकड्यांच्या फाईलींतही असतो. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याच्या पुण्याच्या कचेरीकडून देशाच्या पावसाच्या १९०१ पासूनच्या व तपमानाच्या १९५१ पासूनच्या दैनिक फाईली अभ्यासकांस मिळतात. त्यांत नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा आंकडा दिलेला असतो. जेथें आंकडा नाहीं तेथें पावसाच्या फाईलींत उणें ९९९ असतें, आणि तपमानाच्या फाईलींत ९९.९. पावसासाठीं ९९.९ ही खूण चाललीच नसती. एका दिवसांत तेवढे मिलिमीटर पाऊस खरोखरच पडूं शकतो. तपमानासाठीं मात्र उणें ९९९ चाललें असतें. दोन फाईलींच्या दोन खुणा झाल्या, आणि आतां अभ्यासकाची परीक्षा सुरू होते.

समजा, एका विद्यार्थ्यानें पावसाच्या फाईलीसाठीं प्रोग्रॅम लिहिला, त्यांत उणें ९९९ वगळण्याची काळजी घेतली, आणि तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा तपमानास लावला. मे महिन्यांतील कोणत्याही तीस दिवसांपैकीं अठ्ठावीस दिवस कमाल तपमान ४२.० अंश आहे आणि दोन दिवसांचा आंकडा उपलब्ध नाहीं. खरी सरासरी ४२.०. परंतु दोन ठिकाणचे ९९.९ वगळले गेले नाहींत, म्हणून बेरीज ११७६ अधिक १९९.८, म्हणजे १३७५.८, आणि तीसांनीं भागून सरासरी ४५.८६! उलट पावसाची खूण वगळावयाची राहिली असती, तर महिन्याचा २४० मिलिमीटर पाऊस उणें ७५९ झाला असता, व तो पाहून लहान मूलही हंसलें असतें. ४५.८६ पाहून मात्र कोणीही हंसत नाहीं. यवतमाळच्या मे महिन्यास तो आंकडा शोभून दिसतो. अपयशाची खूण खऱ्या मालापासून जितकी दूर, तितकी चूक लवकर सांपडते. जितकी जवळ, तितकी ती बेमालूम दडते.

आतां प्रत्यक्ष लायब्ररी नीट कशी करावी तें पाहूं. समजा, चार विद्यार्थ्यांनीं मिळून तालुक्यांच्या पावसाची नोंद ठेवणारी लहानशी लायब्ररी लिहावयास घेतली. पहिल्यानें ‘वही उघड’ हें फंक्शन लिहिलें. काम झालें तर १, न झालें तर ०. दुसऱ्यानें ‘पाऊस लिही’ लिहिलें; काम झालें तर ०, न झालें तर उणें एक. तिसऱ्याच्या ‘पाऊस वाच’चें उत्तर म्हणजे पावसाचे मिलिमीटर, आणि नोंद न मिळाल्यास उणें एक. चौथ्यानें ‘नोंद आहे का’ लिहिलें. असल्यास १, नसल्यास ०, आणि वहीच उघडली नाहीं तर उणें एक. प्रत्येकाचें काम वेगवेगळें पाहिलें तर त्यांत खोट काढतां येणार नाहीं. दोष जोडणींत आहे.

ही लायब्ररी एक पांचवी मुलगी वापरूं लागते. ‘वही उघड’ वापरून तिला संवय जडते कीं, उत्तर शून्य नसेल तर सर्व ठीक. तीच संवय ती ‘पाऊस लिही’ला लावते, आणि यशास अपयश व अपयशास यश समजून बसते. ‘पाऊस वाच’ला लावते, तेव्हां कोरडा दिवस नोंद नसलेला ठरतो आणि नोंद नसलेला दिवस उणें एक मिलिमीटर पावसाचा ठरतो. ‘नोंद आहे का’ला लावते, तेव्हां वही हरवलेली असली तरी ‘नोंद आहे’ असें उत्तर मिळतें. तिला निष्काळजी म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. चार दारें असलेल्या घरांत चारी कड्या निराळ्या दिशांना फिरत असतील, तर अंधारांत चुकणाऱ्या पाहुण्यास कोणी बोल लावीत नाहीं.

सुधारणा अशी करावयाची. जें फंक्शन आज्ञा पाळतें, त्यानें काम झाल्यास नेहमीं शून्य व न झाल्यास कारणाचा उणा क्रमांक द्यावा. उणें एक म्हणजे वही उघडली नाहीं, उणें दोन म्हणजे तसा तालुका नाहीं, उणें तीन म्हणजे त्या दिवशीं मोजमाप झालें नाहीं. हे क्रमांक एकदांच ठरवावे व सर्व फंक्शनांनीं तेच वापरावे. यश एकाच प्रकारचें असतें, अपयशाचीं कारणें अनेक असतात. म्हणून यशास एकच आंकडा व अपयशास सर्व उणे आंकडे देणें सोयीचें. माल मात्र उत्तरांतून धाडावयाचा नाहीं. रतिबाचें दूध घेतांना जसें आपण आपलें पातेलें पुढें करतों, तसें मागणाऱ्यानें आपलें भांडें द्यावें आणि ‘पाऊस वाच’नें त्यांत मिलिमीटर ओतावे. उत्तर शून्य आलें तर भांड्यांत पाहावें, तेथें ०.० असेल तर तो दिवस खरोखरच कोरडा होता. उत्तर उणें तीन आलें तर भांड्याकडे पाहूंच नये. वहींतलें तें संशयाचें शून्य येथें दोन वेगळ्या गोष्टींत फुटलें.

‘नोंद आहे का’चें काय करावें? लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांसाठीं जी लेखनशैलीची पत्रिका आहे, तींत ह्याविषयीं स्पष्ट नियम आहे. फंक्शनाचें नांव आज्ञार्थी असेल तर त्यानें यशास शून्य व अपयशास उणा क्रमांक द्यावा; नांव प्रश्नार्थी असेल तर त्यानें ‘होय’ कीं ‘नाहीं’ एवढेंच सांगावें; आणि ह्या दोन रीतींची सरमिसळ हें शोधण्यास कठीण अशा चुकांचें उगमस्थान आहे, असा इशाराही तेथें दिला आहे. नियम उत्तम. त्यास आमची एक पुस्ती: जो प्रश्न विचारतांना स्वतः विचारण्याची क्रियाच फसूं शकते, तो प्रश्न दोन उत्तरांचा राहत नाहीं. वही उघडली तरच ‘आहे’ वा ‘नाहीं’ म्हणतां येईल. न उघडली तर तिसरेंच कांहीं म्हणावें लागेल. अशा फंक्शनाचें नांवच बदलून ‘नोंद शोध’ अशी आज्ञा करावी, आणि ‘होय’ वा ‘नाहीं’ भांड्यांत घालावें. ह्यानें लिहिणें थोडें लांबतें, एका फंक्शनाचें उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडीं देतां येत नाहीं, ही गैरसोय आम्ही नाकारीत नाहीं. तरीही आम्ही तीच पत्करूं. कां, तें पुढील दोन प्रकरणांवरून दिसेल.

पालकांपैकीं पुष्कळांनीं मोबाईलावरून शाळेची फी किंवा विजेचें बिल भरलें असेल. त्या वेळीं पलीकडची पेढी खरोखर तीच आहे, तोतया नव्हे, हें ठरविण्यासाठीं तिच्या दाखल्यावरील सही तपासली जाते, आणि ती तपासणी एखाद्या लायब्ररींतील फंक्शन करतें. ‘ओपनएसएसएल’ ही अशी जगभर वापरली जाणारी लायब्ररी. तिच्या सही तपासणाऱ्या फंक्शनाचीं उत्तरें तीन होतीं: सही खरी असल्यास १, खोटी असल्यास ०, आणि तपासणींतच बिघाड झाल्यास उणें एक. परंतु त्याच लायब्ररींत कित्येक ठिकाणीं ‘उत्तर शून्य असेल तर नाकारा’ एवढेंच लिहिलेलें होतें. एखाद्या ठकानें मुद्दाम अशी वेडीवांकडी सही धाडली कीं तपासणीच बिघडावी, तर उत्तर उणें एक. तें शून्य नव्हे. म्हणून सही मान्य! कांहीं प्रकारच्या किल्ल्यांच्या बाबतींत हें शक्य होतें. गूगलच्या सुरक्षा-पथकानें हा दोष शोधला आणि जानेवारी २००९ मध्यें त्याची सूचना व दुरुस्ती प्रसिद्ध झाली.

ह्या प्रकरणास पांच वर्षें झालीं आणि मार्च २०१४ मध्यें ‘ग्नूटीएलएस’ नांवाच्या दुसऱ्या लायब्ररींत जुळें भावंड सांपडलें. दाखला देणाऱ्यास दाखले देण्याचा अधिकार आहे काय, हें पाहणारें फंक्शन ‘होय’ला १ व ‘नाहीं’ला ० देणारें म्हणून वापरलें जात होतें. आंत मात्र कांहीं बिघाड झाल्यास तें उणा क्रमांक परत करी, आणि सी भाषेंत शून्य नसलेलें सर्व कांहीं ‘होय’च. बिघाडाचा अर्थ अधिकार असा झाला. दुरुस्ती अवघ्या कांहीं ओळींची होती: बिघाड झाला तरी शून्य द्यावें.

रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलाची रचना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस ह्या दोन्ही लायब्रऱ्यांत काय उणें होतें तें लगेच समजेल. त्या सिग्नलाचा हात आडवा असला म्हणजे ‘थांबा’, आणि तार ओढून तो खालीं केला म्हणजे ‘या’. तार तुटली तर वजनाच्या भारानें हात आपोआप आडवा होतो. बिघाड आणि परवानगी ह्यांचें तोंड कधींही सारखें दिसूं नये, ही व्यवस्था लोखंडांतच केलेली आहे. पैसे पाठवितांना मोबाईलावर ‘यशस्वी’, ‘अयशस्वी’ आणि ‘प्रलंबित’ अशीं तीन उत्तरें येतात, तेथेंही हेंच तत्त्व आहे. जो ‘प्रलंबित’ म्हणजे ‘अयशस्वी’ समजून घाईनें पुन्हां पैसे पाठवितो, त्याचे दोनदां जाण्याचा संभव असतो.

मग ह्या जुन्या लायब्रऱ्या एका रात्रींत सुधारून कां टाकीत नाहींत, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. त्याचें उत्तर ‘स्ट्रएरर-आर’ ह्या फंक्शनाच्या चरित्रांत आहे. कारणाचा क्रमांक दिला असतां त्याचें शब्दांत वर्णन करणें हें त्याचें काम. लिनक्सवरील ‘ग्लिबसी’ ह्या लायब्ररींत त्याचे दोन अवतार नांदतात. एक वर्णनाचा पत्ताच परत देतो, दुसरा पोझिक्स मानकाप्रमाणें केवळ आंकडा देतो. हा दुसरा अवतार पूर्वीं अपयशास उणें एक देऊन कारण पाटीवर लिहीत असे. २०११ सालच्या २.१३ ह्या आवृत्तीपासून तो मानकास अनुसरून कारणाचा अधिक क्रमांकच थेट परत देऊं लागला. सुधारणा योग्यच होती. परंतु ज्या प्रोग्रॅमांत ‘उत्तर उणें एक आहे काय’ असें विचारलें होतें, त्यांस त्या दिवसापासून अपयश दिसेनासें झालें. आणि ज्यांनीं ‘उत्तर शून्याहून निराळें आहे काय’ असें विचारलें होतें, ते जुन्या व नव्या दोन्ही आवृत्त्यांवर बिनघोर चालत राहिले. लायब्ररी सुधारणाऱ्यास स्वतःचीच कड पाहून चालत नाहीं. तिच्यावर विसंबलेल्या, न पाहिलेल्या माणसांचे प्रोग्रॅमही त्या बदलांत सांपडतात. म्हणून बहुधा जुनें फंक्शन तसेंच ठेवून शेजारीं नव्या रीतीचें नवें उभें करतात व जुन्यावर ‘वापरूं नये’ अशी पाटी लावतात.

नवीन भाषांनीं हा प्रश्न मुळाशींच सोडविण्याचा यत्न केला आहे. गो भाषेंत फंक्शनास एकाहून अधिक उत्तरें देतां येतात, त्यामुळें माल एका हातानें व अपयशाची वर्दी दुसऱ्या हातानें येते. रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ति २०१५ सालीं निघाली. तींत उत्तर एका बंद पेटींतून येतें, आणि पेटींत माल आहे कीं अपयशाचें कारण आहे हें पाहिल्यावांचून माल हातीं लागत नाहीं. सी भाषेंत अशी पेटी नाहीं. तरीपण ज्या फंक्शनाचें उत्तर न पाहणें धोक्याचें आहे, त्यावर खूण करून ठेवतां येते व तें उत्तर कोणीं टाकून दिल्यास भाषांतर करणारा प्रोग्रॅम तक्रार करतो. आपला अधिकार सोडून देणारें ‘सेटयूआयडी’ हें फंक्शन ग्लिबसीमध्यें असेंच खुणावलेलें आहे. तें फसलें आणि कोणीं पाहिलें नाहीं, तर सर्वाधिकारी म्हणून चालू असलेला प्रोग्रॅम आपण सामान्य झालों असें समजून पुढें चालतो.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं किंवा शाळेंत लिनक्स असलेला संगणक आहे, त्यांनीं कोणत्याही फंक्शनाचें माहितीपत्रक उघडावें. त्यांत परतीच्या उत्तराचा एक स्वतंत्र परिच्छेद असतो. वापरण्याआधीं तो वाचावा. ‘रीड’, ‘मॅलॉक’, ‘स्ट्रकंप’, ‘एममॅप’ आणि धागा निर्माण करणारें फंक्शन, ह्या पांचांचे ते परिच्छेद वाचून वहींत दोन रकाने पाडावे: शून्य आल्यास अर्थ काय, आणि उणें एक आल्यास अर्थ काय. कांहीं ठिकाणीं रकाना भरतांच येणार नाहीं, कारण तें उत्तर तेथें येतच नाहीं. तेथें शून्य न लिहितां आडवी रेघ मारावी. नंतर आमच्या पावसाच्या लायब्ररींत ‘महिन्याची बेरीज’ हें पांचवें फंक्शन लिहून पाहावें. तीस दिवसांपैकीं एकोणतीस दिवसांचा पाऊस मिळाला आणि एका दिवसाचें उत्तर उणें तीन आलें, तर ह्या फंक्शनानें मागणाऱ्यास काय परत द्यावें, आणि भांड्यांत काय घालावें?